एदेल्मिराबाईंचा सात

एदेल्मिरा कार्कामो बाईंनी आमच्या बेटावरच्या शाळेत उभा जन्म काढला, पण कुणाला कधी सातपैकी सात दिले नाहीत. आम्हा चिलीच्या पोरांना शाळेत गुण एक ते सात. बाईंच्या हातून सहा मिळवलेलं पोर गावभर मिरवायचं. एकदा पाद्रीसाहेब स्वतः पुतण्याचे गुण वाढवून मागायला आले. "दिलेले गुण मी बदलत नाही, फादर," म्हणून बाईंनी त्यांना गरम माते, म्हणजे आमचा इकडचा पाल्याचा चहा, पाजला आणि वाटेला लावलं. निवृत्त झाल्यावरही दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करत हिंडायच्या. मी बार्रिया, त्यांचाच विद्यार्थी, आता मासळी विकतो. माझी पाटी त्यांनी दोनदा दुरुस्त केली.

गेल्या हिवाळ्यात सरपण आणताना ओल्या पायरीवरून घसरून बाई उजव्या हातावर पडल्या. मनगट पार वाकडं झालं. मासळीच्या गाडीत घालून त्यांना हॉस्पिटलात नेलं.

अपघात विभागाच्या दारात भलामोठा फलक होता: 'किती दुखतंय, हे आम्ही दहा मिनिटांत विचारतो. यश ९८ टक्के.' विचारलंही. योसेलिन नावाची नर्स संगणकाच्या पडद्यावरून नजर न उचलता म्हणाली, "एक ते दहा. किती दुखतंय?"

बाईंनी डोळे मिटले. "सात."

बाईंनी सात दिला होता!

"अहो, दहा लिहा," मी म्हणालो. "त्यांचा सात म्हणजे सगळ्यात वरचा. तुम्हीही इथल्याच शाळेत शिकलात ना?"

"कळतंय हो मला. पण आकडा पेशंटनेच सांगायचा, नियम आहे तसा. आठ असते तर लगेच डॉक्टर आणि इंजेक्शन. सातला गोळी घ्यायची आणि बसायचं."

"बाई, दहा म्हणा की!"

"बार्रिया, दिलेले गुण मी बदलत नाही."

मला बाईंचा राग आला. पण समोर मोडलेला हात दिसत असताना आकड्याकडे बघत बसणाऱ्यांची शिसारी आली.

सकाळची दुपार झाली. योसेलिन तासातासाला यायची, कारण पुन्हा विचारल्याचीही टक्केवारी असते म्हणे. "आता किती?" "सात." आकडा टिपला की ही चालती. बाईंची बोटं निळी पडली, बधिर झाली. ते सांगितलं तर म्हणाली, "तो रकाना डॉक्टरांचा." एवढ्या वेळात एका माणसाने तो हात हातात घेऊन पाहिला नाही. थू!

संध्याकाळी डॉक्टर आले आणि बोटं बघून सगळ्यांवर ओरडले. आत नस चेपत गेली होती. ऑपरेशन झालं, मनगट सरळ झालं, बोटं मेली ती मेलीच.

घरी सोडायच्या दिवशी दर्जा विभागाच्या मॅडम अत्तराचा घमघमाट घेऊन आल्या.

"बाई, तुमच्या केसमध्ये आम्हाला शंभर टक्के मिळाले बरं का! दर वेळी वेळेवर विचारलंय. आता तुम्ही आम्हाला गुण द्या. एक ते सात."

"आत येताना दहापैकी, आणि बाहेर जाताना सातपैकी?"

मॅडम गोड हसल्या. "आपल्या लोकांना सातच सोपं जातं ना."

म्हणजे यांना ठाऊक होतं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"एक," बाई म्हणाल्या.

"अहो, काहीतरी चांगलं केलंच असेल की आम्ही!"

"कोऱ्या पेपरलाही एक द्यावाच लागतो."

मॅडमनी तोंड वाकडं करून कागद पुढे सरकवला. "बरं, सही करा."

बाईंनी पेन उचललं. ते बोटांतून निसटून खाली पडलं. पुन्हा उचलून दिलं, पुन्हा पडलं.

"राहू द्या, अंगठा चालतो," म्हणत मॅडमनी शाईची डबी उघडली. अख्ख्या बेटाला सही करायला शिकवणाऱ्या बाईंचा अंगठा त्यांनी स्वतःच्या हाताने धरून शाईत दाबला.