दुकानापुढचा बाक

आमच्या दुकानात खिळ्यांचा एक ड्रॉवर आहे. त्याच्या तळाशी वाकडे खिळे, एकटे पडलेले नट, बिनचावीची कुलपं कधी जमली ते कुणालाच सांगता येणार नाही. मुद्दाम कुणी ठेवत नाही आणि टाकवत तर अजिबात नाही. रहिमतपूरच्या पेठेतले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. फरक एवढाच, की बहुतेक किश्श्यांत शेवटी मान माझीच खाली जाते!

दुकान दोरखंड, घमेली, फावड्यांचं. दारात वडिलांच्या वेळचा लाकडी बाक. त्यावर तीन कायमचे मेंबर: सुभेदार, गोदाआक्का आणि गलाईवाले नाना. एक वेळ गिऱ्हाईक चुकेल, हे चुकायचे नाहीत.

*

सुभेदार म्हणजे खरे मिलिटरीतले रिटायर्ड हवालदार. पुढचं प्रमोशन गावानं दिलं. गळ्यात कायम शिट्टी. पेठेतल्या मोटारसायकली एका रेषेत लागल्याच पाहिजेत, हा त्यांचा हुकूम. एकदा एक बुलेट वाकडी लागली, तर यांनी सरळ हवाच सोडली. बुलेट निघाली फौजदारांची!

फौजदार तणतणत माझ्या काउंटरवर. "बाकावरचा तो म्हातारा तुमचा माणूस का?"

दुकानदाराला पोलिसांशी वाकडं परवडत नाही. मी म्हणालो, "छे हो साहेब, मी ओळखतसुद्धा नाही."

सुभेदारांच्या हातात तेव्हा माझ्याच घरचा चहा! एक घोट घेऊन ते म्हणाले, "बराबर हाय सायेब शेठचं. वळख असती, तर मला शुगर हाय हे त्यांस्नी म्हाईत नसतं व्हय? रोज गोडमिट्ट चा पाजत्यात!"

फौजदार हसत गेले. मला काही हसता आलं नाही.

*

गोदाआक्का बाकाशेजारी पाटी मांडून भाजी विकते. विकते म्हणजे काय, तुमच्या घरी आज काय शिजणार ते तीच ठरवते. "मेथी परवाच नेलीस की. आज दोडका ने." संपला विषय!

एकदा मी गर्दीतून हळूच हात पुढं केला. "आक्का, जरा बटाटे."

"आरं शेठ," आक्काचा आवाज पार वेशीपर्यंत, "परवा बटाटं, काल बटाटं, आज बी बटाटंच? वैनी रुसून म्हायारी गेली न्हवं?"

सगळी पेठ माझ्याकडं वळली. गेली होती की, कडेगावला! खोटं तरी काय बोलणार?

संध्याकाळी आक्कानं माझ्यासाठी भाकरी आणि वांग्याचं कालवण पाठवलं. कुणाबरोबर? सुभेदारांबरोबर, शिट्टी वाजवत!

*

नाना विट्याकडचे. उभा जन्म कोइमतूरला सोनं गाळण्यात गेला. लेक इथं दिली, म्हणून म्हातारपणी इकडं आले. पेठेतल्या कुत्र्यांशी तमिळमध्ये बोलतात आणि आमची कुत्री ऐकतात! मात्र चकाकणारं काही दिसलं, की नाना डोळे बारीक करतात.

सांगलीहून एका कंपनीचे लोक डीलरशिपचं बोलायला आले होते. वजन पडावं म्हणून मी बोटात जाडजूड पिवळीधमक अंगठी घातली आणि हात मुद्दाम टेबलावर पसरून ठेवला. नाना चहाचा कप ठेवायला आत आले. अंगठीकडं बघितलं. जाता जाता माझ्या कानाशी वाकले. पण नानांना ऐकू कमी येतं, त्यामुळं त्यांचं कुजबुजणं म्हणजे लाउडस्पीकर!

"शेठ, ही पावसात घालू नगा."

*

यंदा थोरल्या लेकानं दुकानाचं रिनोव्हेशन काढलं. काचेचा फ्रंट, एसी, सगळं. "पप्पा, तो बाक हलवायला लागेल. लूक जातो."

तिघांना सांगायचं माझ्यावर आलं. बाक गेला, तर या माणसांनी दिवस कुठं काढायचा? आक्काच्या घरी बोलायला भिंती आणि सुभेदारांच्या घरी सुनेची सीरियल. शेवटी थाप मारली, "बाकाला रंग द्यायचाय. चार-आठ दिवस जरा दुसरीकडं बसा."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो, तर बाक घासूनपुसून मिलिटरी हिरवा! नाना ब्रश धूत होते.

"तुमचा तेवढाच ताप वाचला," सुभेदार म्हणाले. "वाळला की बसू."

वाळायच्या आतच थोरल्यानं तो टेंपोत घालून गोडाऊनला धाडला. आक्कानं पाटी डोक्यावर घेतली आणि समोरच्या पिंपळाच्या पारावर गेली. मागोमाग ते दोघे.

त्या दिवशी माझ्याकडं बघून कुणी हाकसुद्धा मारली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

उद्घाटनाचा दिवस. नव्या दुकानात खुर्च्या पाहुण्यांना. काउंटरमागं एकच फिरती खुर्ची, तिच्यावर थोरला. मी नवी टोपी घालून उभा. "पप्पा, जरा बाजूला, फोटोत मधी येताय." बाजूला होत होत मी दाराबाहेर आलो आणि पायरीवर टेकलो. टेकायला दुसरं होतंच काय?

पोलिसांतले मोठे साहेब फीत कापायला यायचे होते. बंदोबस्ताला नवा पोलीस, बाहेरगावचा. काठी आपटत आला.

"ओ आजोबा, उठा! कुणाच्या दारात बसलाय कळतंय का? कोण तुम्ही?"

मालक म्हणून सांगायला तोंड उघडलं. पण काचेतून फिरत्या खुर्चीवरचा थोरला दिसला.

समोरच्या पारावरून शिट्टी वाजली.

"आवं हवालदार! त्यांस्नी काय बोलू नगा!"

पोलीस वळला. "तुम्ही ओळखता यांना?"

"म्हंजे? आमचाच मानूस हाय त्यो!"

पारावर आक्कानं पाटी उचलून मांडीवर घेतली आणि नानांना कोपरानं ढोसलं, "सरका की वाईच."

मी रस्ता ओलांडेपर्यंत सुभेदारांनी चहावाल्याला हाक घातली होती. "चार चा धाड रं गड्या! माझा बिनसाखरेचा. आन् शेठच्यात साखर जास्त टाक, त्यांस्नी गोड लागतो!"