किटली न धरणारी बाई

आमच्या श्रीरामपूरकडच्या कॉलेजात एक जुनी रीत होती. स्टाफ मीटिंगला शिपाई चहाची किटली दारात ठेवून जायचा आणि प्राध्यापिकांनी उठून ती फिरवायची. पुरुषमंडळी कप पुढे करून चर्चा चालू ठेवत. रसायनशास्त्राच्या एस्तेर गायकवाड मॅडम पहिल्याच मीटिंगला पुढच्या रांगेत बसल्या आणि किटली आली तरी हलल्या नाहीत. प्राचार्य हसत म्हणाले, "मॅडम, चहा थंड होतोय."

"हू द्या की सर. किटली धरायला पीएच.डी. न्हाई केली मी."

मॅडम मूळच्या तिसगावच्या, ख्रिस्ती घरातल्या. वर्गात अगदी शुद्ध बोलत. राग आला की तिसगाव तोंडात येई, आणि त्यांना रागावायला आमचं कॉलेज रोज काहीतरी पुरवत असे. बाकीच्या आम्ही चहा वाटतच राहिलो. त्या आम्हाला कधी टोचून बोलल्या नाहीत.

त्यांचं खरं भांडण प्रयोगशाळेवरून होतं. एम.एस्सी.च्या मुलींना पाचला बाहेर काढत, 'एस.टी. चुकेल' या काळजीने. मुलगे अंधार पडेपर्यंत काम करत. साहजिकच प्रोजेक्ट त्यांचे पुरे होत, पुढे संशोधनालाही तेच जात. वर हेच शहाणे म्हणत, पोरींना संशोधनाची आवडच नाही! मॅडमनी महिला केंद्र मागितलं ते यासाठी. प्राचार्यांनी खेळाच्या सामानाची अडगळीची खोली दिली आणि सुचवलं, "हळदीकुंकू घ्या, रांगोळी घ्या. वातावरण चांगलं राहतं."

"वातावरणच तर बिघडवायचंय," मॅडम म्हणाल्या.

त्या देवळाली प्रवरेपर्यंत मुलींच्या घरी गेल्या, आईबापांशी बोलल्या. संध्याकाळची एस.टी. कॉलेजच्या फाटकाशी थांबवून घेतली. प्रयोगशाळा मुलींसाठी सातपर्यंत उघडी राहू लागली, आणि शेवटची मुलगी गाडीत बसेपर्यंत मॅडम केंद्रात बसून असत.

मग लोकांची तोंडं सुटली. घरं फोडणारी बाई, पोरी बाटवायला आलीय, असलं घाणेरडं बोलणं स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उघड चाले. मॅडमनी तिथेच लिहिलं, "ज्याला बोलायचंय त्याने केंद्रात यावं. खुर्ची आहे. चहा आपापला आणावा." एकही मर्द फिरकला नाही. मी संतापले की मला म्हणत, "आपुन बसून ऱ्हायचं, बाई. उठलं की जागा गेली."

निवृत्तीआधीच हृदयविकाराने त्या गेल्या. शोकसभेत प्राचार्यांनी "आमची भगिनी हरपली" म्हणत डोळे टिपले, दोन मिनिटं स्तब्धता झाली आणि लगेच त्याच खुर्च्यांवर मीटिंग सुरू झाली. पहिलाच विषय, महिला केंद्र सांस्कृतिक विभागात विलीन करणे. दुसरा, मुलींची प्रयोगशाळा पुन्हा पाचपर्यंत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. निदान बाईची राख, म्हणजे थडग्यावरची माती तरी सुकू द्यायची!

तेवढ्यात किटली आली. दारात वाफ निघत राहिली. मॅडमच्या हाताखाली शिकलेली आणि आता आमच्यातच शिकवणारी आरती पुढच्या रांगेत, त्यांच्याच खुर्चीवर बसली होती. ती उठली नाही. तिच्यामागची उठली नाही. मीही नाही. पुरुष रिकाम्या टेबलाकडे बघत बसले.

"चहा थंड होतोय," प्राचार्य म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते.

"होऊ द्या सर," मी म्हणाले. "आधी प्रयोगशाळेचं बोला."

चहा तसाच परत गेला. प्रयोगशाळा अजून सातला बंद होते.