चष्मेवाले हेडमास्तर, कपाट तिसरं

दप्तरी चाचांच्या घरी मिठाच्या बरणीवर चिठ्ठी होती : ‘मीठ, जाडं. अ वर्ग.’ हळदीला ब, लोणच्याला क. आमच्या कार्यालयात अ म्हणजे कायम जपायचं, ब तीस वर्षं, क दहा, आणि ड वर्षभर ठेवून रद्दीत. मी हसले तशी चाची म्हणाल्या, “माझ्यावर तेवढी चिठ्ठी लावायची राहिलीय.” चाचा मान वर न करता म्हणाले, “अ वर्गाला लागत न्हाई.”

नगरच्या एका जुन्या शिक्षणसंस्थेत मी अधीक्षक होते आणि चाचा रेकॉर्ड रूम सांभाळायचे. संस्थेच्या बंद पडलेल्या शाळांचं सगळं दप्तर तिथे होतं. मला याद्यांचं वेड, म्हणून आमचं जमलं, भांडणंही त्याच्यावरूनच. मी तयार स्टिकर मागवले. चाचांनी त्यातले चार खिडकीशी एका फाईलवर डकवले आणि उन्हाळाभर गप्प राहिले. चारही गळून पडले तेव्हा मला बोलावून जमिनीकडे फक्त बोट दाखवलं. चिठ्ठ्या डकवायला ते स्वतः गव्हाची खळ शिजवत, कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत. टाचणी गंजून कागद खाते, म्हणून फाईलला ती दिसली की विंचू दिसल्यासारखे मागे सरत. माणसांनाही वर्ग होते. नवे हिशेब तपासनीस फार ओरडून गेले, तेव्हा मला म्हणाले, “ड वर्ग हाय, ताई. वर्षभर सांभाळा.”

‘चाचा गेले की इथे काही सापडायचं नाही,’ असं सगळे कौतुकाने म्हणत. निवृत्ती जवळ आली तसं हे कौतुक त्यांना टोचायला लागलं. एकदा चहा तसाच ठेवून म्हणाले, “मी गेल्यावर सापडलं न्हाई, तर मी इतकी वर्षं केलं काय, ताई? नुसता पहारा?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची व्हरांड्यात टाकली आणि जाहीर केलं की आजपासून मी मेलो असं समजा, मला काही विचारायचं नाही. नेमके पारनेरकडचे एक गृहस्थ वडिलांचा शाळेचा दाखला मागायला आले. मी आत गेले. अक्षर मोत्यासारखं, खळ पक्की, आणि चिठ्ठ्यांवर लिहिलेलं : ‘चष्मेवाले हेडमास्तर’, ‘चष्मेवाल्यांच्या आधीचे’, ‘रागीट बाई, पहिली खेप’. चाचांना सगळं माणसांवरून आठवायचं, तसंच त्यांनी लिहून ठेवलं होतं. चष्मेवाले कुठल्या गावचे, असं मी आतूनच विचारलं. बाहेरून उत्तर आलं, “मी मेलोय.” पारनेरचे गृहस्थ उठून उभेच राहिले.

शेवटी त्यांच्या दाखल्यासाठी चाचांना जिवंत व्हावं लागलं. दाखला निघाला, गृहस्थ गेले. चाचा मात्र कपाटापुढे आपल्याच चिठ्ठ्या वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, “ह्या तर मी मलाच लिहिल्यात.”

त्या दिवसापासून सगळ्या चिठ्ठ्या बदलायला घेतल्या. आधी गाव, मग शाळा, मग साल. नवी चिठ्ठी मी परक्या माणसासारखी वाचायची. मला एक जरी प्रश्न पडला तर ती फाडायची. निरोपाच्या समारंभात हार घालून घेताना त्यांच्या बोटांवर मोरचुदाचा निळा रंग होता, आणि डोळा घड्याळावर. एक गठ्ठा राहिला होता. हार गळ्यात ठेवूनच त्यांनी तो पुरा केला.

पुढच्या वर्षी मी रजेवर असताना ते येऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायला पुन्हा आले. रेकॉर्ड रूममध्ये नव्या लागलेल्या बाईंकडे त्यांनी स्वतःचाच, संस्थेच्या एका बंद पडलेल्या शाळेतला दाखला मागितला होता. बाईंनी गाव, शाळा, साल विचारलं आणि चहा यायच्या आत फाईल आणून ठेवली. दाखला कशाला हवा होता, असं मी विचारलं.

“पाहिजे कुणाला? बघायचं हुतं.” मग खूश होऊन म्हणाले, “मला वळखलं न्हाई तिनं. फाईल बरोबर काढली.”

मला वाईट वाटलं. तुम्ही कोण ते तिला सांगते, म्हणून मी उठले. त्यांनी हातानेच बसवलं. “नगं. आता मी ड वर्ग. वर्षभर ठेवलंत, लई झालं.”

जाताना माझ्या टेबलावरच्या कागदाची टाचणी तेवढी काढून खिशात टाकली.