भ्यालेला बोकड

कामशेतच्या मटणवाल्या भाऊंचं नाव मी कधी विचारलं नाही. चरबीच्या पेशींना कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. संप्रेरकं ती कशी उघडतात नि मिटतात, हे मी आंबीजवळच्या प्रयोगशाळेत तपासत होते. त्यासाठी ताजी चरबी भाऊंकडून न्यायचे. पेशी जिवंत राहाव्यात म्हणून भाऊ ती माझ्या थर्मासातल्या कोमट द्रावणात भरायचे आणि प्रत्येक वाक्याला 'व्हय का न्हाई?' जोडायचे. उत्तराची वाट मात्र बघायचे नाहीत.

निकाल सारखे फिसकटायला लागले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, बोकड भ्याला की त्याच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन उसळतं. मग त्या दारांचं काही खरं नाही."

भाऊ सुरी पुसत राहिले. पण पुढच्या खेपेपासून ते बोकड दुकानामागे एकटा बांधायचे, हातानं पाला भरवायचे, त्याची मान खाजवत बसायचे. एका रविवारी तर गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना त्यांनी सुरी खाली ठेवली.

"आज न्हाई. लय भ्यालाय त्यो, व्हय का न्हाई?"

लोक चिडून गेले. मीही रिकामा थर्मास घेऊन परतले. पण माझे निकाल जुळले, ते भाऊंच्या अशा थांबण्यामुळेच.

परवा आभार मानायला पेढे घेऊन गेले. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळली होती. मागं भाऊ बोकडाजवळ उकिडवे बसले होते.

"भाऊ, माझं काम झालं. आता चरबी नको."

"बरं झालं." त्यांनी पाला पुढं केला. "पेढे तितं ठेवा. आन् हळू बोला जरा, अजून भ्यालाय त्यो."