तीन कबुलीजबाब आणि एक कॅमेरा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं. खून, दरोडे, पतपेढ्यांवरचे डल्ले असलं पुष्कळ काही नोकरीत पाहून झालं. पण घरी पाहुणे जमले की बायको म्हणते, "ती कॅमेऱ्याची केस सांगा." नावं मी कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून नागपुरात हुडकेश्वरलाच राहतात आणि मला त्यांच्याकडे चहाला जायचं असतं.

निवृत्तीच्या आधीचा उन्हाळा होता. सकाळची हजेरी आटोपून मी ठाण्याची डायरी वाचत बसलो होतो, तेवढ्यात बाहेर आवाज चढले. ठाणे अंमलदार कुणाला तरी समजावत होता आणि तो माणूस 'मोठ्या साहेबालेच भेटतो' म्हणून अडून बसला होता. आत बोलावलं. पन्नाशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, लकडगंजला प्लायवूडचं दुकान. म्हणाला, घरी चोरी झाली. काय गेलं? कॅमेरा. कुठून? पोराच्या खोलीतून.

मग सगळी कथा बाहेर आली. पोरगं यंदा बारावीला. त्याला डॉक्टर करायचं हे बापाने बारशालाच ठरवून टाकलेलं. स्वतः दिवसभर दुकानात, तेव्हा पोरावर लक्ष कोण ठेवणार? म्हणून अभ्यासाच्या खोलीत कॅमेरा बसवला. दुकानात मोबाइल उघडला की खुर्चीत बसलेल्या पोराची पाठ दिसायची आणि बटण दाबून बोललं की बापाचा आवाज थेट त्या खोलीत निघायचा. झोप येऊ नये म्हणून एसीही लावला होता आणि तो इतका गार ठेवायचे, की बाहेर नागपूर भाजून निघत असताना आत पोरगं हुडी चढवून बसायचं.

"श्वानपथक बोलवा ना, साहेब," तो म्हणाला. मी म्हटलं, कुत्र्याला दुसरी कामं आहेत. मग बोटांचे ठसे घ्या म्हणाला. लोक हल्ली मोबाइलवर मालिका पाहून ठाण्यात येतात आणि आम्हालाच तपास शिकवतात. मी विचारलं, संशय कुणावर?

"संशय काय, खात्री हाये. माझंच पोरगं. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या. जूनमधी त्याले बाहेरगावच्या होस्टेलात टाकतो. तिथं फोन नाही, सुट्टी नाही, दिवाळीलेही घरी सोडत नाहीत. बायको आणि बाबा आडवे येऊन राहिले. पोलिसांनी सांगितलं चोर हाच, की दोघांची तोंडं बंद."

म्हणजे याला कॅमेरा नको होता. पोराला घराबाहेर काढायला पोलिसांचा शिक्का हवा होता. मला राग आला, पण राग दाखवला असता तर तो उठून दुसऱ्या कुणाकडे गेला असता. मी गुन्हा नोंदवला नाही. तक्रारी अर्ज घेतला आणि चौकशी स्वतःकडे ठेवली. जाताना त्याने बजावलं, लवकर करा, होस्टेलची जागा अडकवून ठेवली आहे.

बीटच्या हवालदाराला मी त्या गल्लीत चक्कर मारायला सांगितलं. संध्याकाळी तो परत आला तो आख्खी टोळी पकडल्यासारखं तोंड करून. मागच्या घरातल्या बाईंनी खबर दिली होती, की भर दुपारी एक हुडीवालं पोरगं या घराच्या मागच्या दाराने बाहेर येतं आणि कंपाउंडवरून त्यांच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर खर्रा थुंकतं. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला आमच्याकडचा हा माल. तोंड बिघडवतो आणि भिंतीही. हवालदार म्हणाला, "साहेब, पोरगं कामातून गेलं." मला खरोखर वाईट वाटलं. बापाला हे कळलं असतं तर त्याने जूनपर्यंतही वाट पाहिली नसती.

अल्पवयीन मुलाला ठाण्यात आणून बसवता येत नाही. गणवेशात विचारपूस करायची नाही आणि पालक समोर हवेत. म्हणून रविवारी साध्या कपड्यात, महिला हवालदाराला बरोबर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. घरात चार माणसं. बाप, आई, पोरगं आणि बापाचे वडील. या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. अंगाने बारीक, नातवाएवढेच, हातात काठी. खेड्यावरची शेती बटाईने देऊन मुलाकडे राहायला आलेले.

आधी खोली पाहिली. टेबल, खुर्ची, खुर्चीवर ती लाल हुडी. दाराशेजारच्या भिंतीत जिथे कॅमेरा होता तिथला गिलावा ओबडधोबड निघालेला, स्क्रू वाकून खाली पडलेले. पेचकस लावून काढलेला नव्हता, कशाने तरी ओढून काढला होता. मनात नोंद केली आणि पोराला समोर बसवलं.

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणालं, "मीच काढला." कशाने? पेचकसने. टाकला कुठे? नाल्यात. कोणत्या नाल्यात? यावर ते आईकडे पाहायला लागलं. तेवढ्यात आई पुढे झाली. म्हणाली, साहेब, त्याचं ऐकू नका, जाळे काढताना माझ्या झाडूने पडला, फुटला, भीतीने कचरागाडीत टाकला. ती एवढं म्हणते तोवर आबा काठी टेकत उठले. "साहेब, तो कॅमेरा मी काढला."

झालं. जन्मभर आरोपींच्या तोंडून एक कबुली काढायला मी घाम गाळला आणि इथे एका कॅमेऱ्याला तीन कबुलीजबाब, तेही चहा यायच्या आत. पोराला होस्टेलपासून वाचवायला सगळं घर तुरुंगात जायला तयार होतं. बाप कपाळाला हात लावून म्हणाला, पाहा साहेब, असे लाडावून ठेवतात. मी आबांना म्हटलं, बाबा, तुम्ही बसा, गुडघे दुखत असतील तुमचे. ते काही सांगत होते, पण मी पोराकडे वळलो होतो. तिघांमध्ये सर्वांत खोटी कबुली मला म्हाताऱ्याचीच वाटली.

"दात दाखव," मी पोराला म्हटलं. त्याने घाबरून आ केला. दात कसे? दुधासारखे. रोज खर्रा खाणाऱ्याचे दात असे नसतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मग हुडी घालून भिंत रंगवणारा कोण?

मी बापाला विचारलं, कॅमेऱ्यातलं जुनं काही तुमच्याकडे आहे का? सगळं चित्रण कॅमेऱ्यातल्या कार्डावर होतं, ते कॅमेऱ्याबरोबरच गेलं. पण मोबाइलवर त्याने काही तुकडे साठवून ठेवले होते. कशासाठी, तर शेजारच्या व्यापाऱ्यांना दाखवायला. लकडगंजातून हुडकेश्वरचं पोरगं आपण कसं चालवतो, हे तो अभिमानाने सगळ्या बाजारात दाखवत असे.

त्याने एक तुकडा लावला. हुडीची टोपी ओढून पाठमोरं बसलेलं पोरगं, समोर पुस्तक. मान जरा वाकली, की बापाचा आवाज गरजला: "पाठ सरळ कर, गाढवा! बापाच्या जिवावर एसीत बसून झोपा काढून राहिला काय? तुझ्यानं काही होणार नाही. घराण्याचं नाव बुडवशील!" आणि पाठ लगेच सरळ झाली. "पाहिलं?" बाप म्हणाला. "आधी ऐकत नव्हता. ह्या महिन्यात किती सुधारला, पाहा. तासन्‌तास हलत नाही."

मी पुन्हा लावायला सांगितलं. आणि तिसऱ्यांदा. पाठ सरळ झाल्यावर त्या पोराने उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं, ओलं केलं आणि पान उलटलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केस डायरीची पानं मी स्वतः आयुष्यभर अशीच उलटली आणि त्यावरून माझी मुलगी मला अजून हसते. आजकालचं कोणतं पोरगं थुंकी लावून पान उलटतं?

पोराला खुर्चीत बसवून पुस्तक दिलं. ते पाय पसरून बसलं आणि अंगठ्याने फर्रकन पानं सरकवली. मग मी आबांकडे वळलो. ते माझ्याकडे पाहून हसले आणि मला त्यांचे दात दिसले. डॉक्टरांनी सोडायला लावलेला खर्रा त्यांनी सोडलेला नव्हता.

"मघापासून तेच सांगून राहिलो ना गा, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही मले बसा म्हणता."

महिला हवालदार तोंडाला पदर लावून खिडकीकडे गेली. तिचे खांदे हलत होते. बाप मोबाइलकडे पाही, मग आबांकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. ज्याला त्याने महिनाभर सगळ्या बाजारासमोर गाढव म्हणून दाखवलं होतं, तो त्याचा जन्मदाता होता.

आणि त्या वेळात पोरगं कुठे होतं? मैत्रीण, जुगार, नशा, सगळं माझ्या मनात येऊन गेलं होतं. पोलिसांच्या मनात तेच येतं. पोरगं आबांच्या खोलीत, आबांच्या पलंगावर, आबांची गोधडी घेऊन झोपत होतं. पहाटे अंधारात क्लास, दुपारी कॅमेरा, संध्याकाळी पुन्हा क्लास, रात्री बापासमोर उजळणी. एक दिवस ते खुर्चीतच डुलायला लागलं. आबा म्हणाले, "म्या म्हटलं, काढ ते हुडी, मले दे. जाय, झोप. मी बसतो. त्याले दुकानातून पाठच तर दिसते." तेव्हापासून रोज दुपारी आबा जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसू लागले. बेडकाचा धडा आवडला म्हणाले. बाप जेवायला मोबाइल खाली ठेवी, तेवढ्यात मागच्या दारी जाऊन खर्रा खाऊन यायचे. हुडी काढायचं ध्यानात राहत नसे.

माझा एकच प्रश्न उरला होता आणि तो बापानेच विचारला. "पण बाबा, कोणाले पत्ता नव्हता. तुमचं चाललं होतं बरोबर. मंग काढला काहून?"

आबांनी कॅमेरा तांदळाच्या कोठीतून काढून आणला होता. काठीची मूठ अडकवून त्यांनी तो ओढून काढला होता. तो टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले.

"पयल्या दिवशी तू गाढवा म्हणाला, तवा राग आला. मनात म्हटलं, घरी येऊ दे याले, कान पकडतो. मंग रोज ऐकलं. तुझ्यानं काही होणार नाही. घराण्याचं नाव बुडवशील. एक दिवस वाटलं, हे मी कुठंतरी ऐकलं हाये. मंग समजलं, बापू. आवाज तुझा होता, पण बोलणं सारं माझं होतं. हेच शब्द. तू असाच पाठ सरळ करून गप बसत होता. मले आजवर वाटे, पोरगं समजदार हाये, उलटून बोलत नाही. त्या खुर्चीत बसलो तवा समजलं, कसं वाटते ते. मंग नाही ऐकवलं."

बापाचा चेहरा इतका उघडा पडला, की मी दुसरीकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी तवा रोज ठरवत होतो, का घर सोडून जातो म्हणून." आबा म्हणाले, "माहीत नव्हतं मले." त्याने आबांच्या पायाला हात लावला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

मग त्याने पोराकडे पाहिलं. आमची चौकशी चालू असताना मुख्य आरोपी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपून गेला होता. मान छातीवर, तोंड उघडं. आई हलवून उठवायला निघाली, बापाने तिला अडवलं. पोराच्या मानेखाली उशी सारली, एसी कमी केला आणि मला हळूच म्हणाला, "साहेब, अर्ज मागे घेतो. बाहेर बसून बोलू, पोरगं झोपलं."

होस्टेलची जागा सोडली. पोरगं डॉक्टर झालं का, हे लोक विचारतात. नाही झालं. कृषी शाखेला गेलं आणि सुट्टीत आबांच्या शेतावर जाऊन पडतं.

मी काय शिकलो म्हणाल तर एवढंच. आमच्याकडे आईबाप पोरांना ठाण्यात घेऊन येतात, 'साहेब, जरा दम द्या याले' म्हणतात. त्यानंतर कुणी असं पोर आणलं, की मी त्या पोराला हवालदाराबरोबर चहा प्यायला बाहेर पाठवायचो आणि बापाला समोर बसवून म्हणायचो, घरी याला जे रोज बोलता ते आता मला बोला. शब्दाला शब्द. मी तुमचा पोरगा आहे असं समजा. बहुतेक जण अर्ध्या वाक्यात थांबायचे आणि मग पाणी मागायचे.