धाकू गुरवाचं गाऱ्हाणं

धाकू गुरवासारखा आळशी माणूस आमच्या वाडीत दुसरा नव्हता. देवीपुढे दिवा लावायचा, देऊळ झाडायचं आणि कोणाचं काही अडलं तर देवीला कौल लावायचा, एवढंच त्याचं काम. तेही तो पायरीवर विडी ओढत उद्यावर ढकलायचा. पण कोणी गप्प गप्प दिसलं की स्वारी हात धुऊन मागे लागायची आणि बोलतं केल्याशिवाय सोडायची नाही.

१९३१च्या गणपतीत काशीरामची मथुरा माहेरी आली. चौदा वर्षांची पोर. लग्न होऊन सावर्ड्याला गेली त्याच महिन्यात सासरा वारला आणि सासूने हिला पांढऱ्या पायाची ठरवलं. नवरा मुंबईत गिरणीवर. घरात तिच्याशी कोणी शब्द बोलत नसे. इथेही ती भरल्या ताटावरून उठायची आणि देवळाच्या पायरीवर येऊन बसायची. एकदा तिन्हीसांजेला आईजवळ काही बोलू गेली, तर आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. अशा वेळी वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, अशी आमच्याकडची समजूत. त्या भीतीपायी आम्ही किती जणांची तोंडं दाबली असतील, देव जाणे.

धाकूने मात्र विचारलं, "काय गो मथुरे, काय झाला? जेवत का नाय?"

"काका, मला जगावासा वाटत नाय."

त्याने तिला गप्प केलं नाही. विडी विझवली, शेजारी बसला आणि तिचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. मग तडक काशीरामकडे गेला.

"पोरीला इतक्यात धाडू नको. जीव द्यायच्या गोष्टी करतंय ती."

"अभद्र बोलू नको, धाक्या! बाहेरचा काय तरी लागलाय तिला. तू कौल लाव."

आमच्याकडे कौलाआधी गाऱ्हाणं घालतात. गुरवाने देवीसमोर म्हणणं मांडायचं आणि जमलेल्या पुरुषांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार. आम्ही बायका मागे उभ्या होतो, मथुरा आमच्यात. काशीरामने सांगितलं तसंच धाकू बोलला: पोरीला काही लागलंय, सासरी नेऊन घातली तर उतरेल काय? 'व्हय म्हाराजा'ने देऊळ दणाणलं. उजवी पाकळी पडली.

काशीरामला हायसं वाटलं. माझं तर डोकंच फिरलं. विचारलं त्याचं उत्तर देवीने दिलं, तिला काय दोष द्यायचा?

धाकू जागचा हलला नाही. त्याने पुन्हा हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "बाय माझे आई, ह्या पोरीला जगावासा वाटत नाय. तिला एकटी पाडू नये, असा आमच्या मनात घाल."

कोणी 'व्हय' म्हणालं नाही. माझ्या शेजारी मथुरा हुंदके देऊन रडायला लागली. माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. मला वाटलं, आता तरी बापाला पाझर फुटेल. काशीराम म्हणाला, "देवीचा कौल झाला. आता त्यावर बोलणा नको."

सकाळी तिला सावर्ड्याला पोहोचवली.

तेव्हापासून आमचा आळशी धाकू दर आठवड्याच्या बाजाराला खिंड उतरून सावर्ड्याला जायला लागला. देवीचा प्रसाद म्हणून एक नारळ घ्यायचा आणि मथुरेच्या सासरी जाऊन ओटीवर बसायचा. पोरीला एकटी ठेवू नका, तिच्याशी बोला, असं त्याने सासूला हात जोडून सांगितलं. "आमच्या घरात गुरवाचा काय काम?" म्हणून तिने त्यालाच झापलं. तरी तो उठायचा नाही. मथुरा पाणी घेऊन यायची, दाराशी टेकायची, चार शब्द बोलायची, त्याच्यासमोर खोबऱ्याचा तुकडा खायची.

तो निघाला की ती कुंपणाच्या बेड्यापर्यंत यायची आणि विचारायची, "काका, बाजार आता कदी?"

परत आला की धाकू वाडीतल्या घराघरांतून फिरायचा. मधल्या एखाद्या दिवशी कोणी तरी तिच्याकडे जाऊन या, म्हणायचा. काशीरामच्या पाया पडला, माझ्या नवऱ्याच्याही पडला. सगळ्यांना कामं होती.