शोषखड्ड्याची जागा

खणलेल्या मातीचा ओलसर, गार वास आला की नेसरीकडच्या त्या परसात मी पुन्हा उभी राहते. महाविद्यालयाच्या श्रमदान शिबिरात मी गटप्रमुख होते. सांडपाण्याच्या शोषखड्ड्याची जागा मीच आखली होती. घरातली म्हातारी म्हणाली, “तितं नगं, पोरी.” “मावशी, पाणी इथंच मुरेल की,” मी हसून म्हटलं आणि मैत्रिणींच्या हाती टिकाव दिले. वीतभर माती निघाली तशी म्हातारी काठावर बसली. “जरा हळू मारा गं. माझी तान्ही निजलीया तितं.” ओंजळी-ओंजळीनं आम्ही माती परत लोटली. समारोपाला नेतृत्वाचं प्रशस्तिपत्र मलाच मिळालं. आता मी विद्यार्थिनींना शिबिराला नेते. खणण्याआधी घरातल्या बाईला विचारा, एवढं सांगते. काय विचारायचं, ते न सांगताच टिकाव वाटायला घेते.